पप्पांचा वाकडा सूर

गोवंडी,
९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

पत्र बघून घाबरू नकोस, घरी सगळे ठणठणीत आहेत. बातमी झकास आहे. माझा अल्बम आला. आठ मराठी गाणी, जॅझच्या वळणाची, पण भांडी घासताना गुणगुणता येतील अशी. चाली माझ्या, कीबोर्डवर मी, आणि गायलीय मालाडची अनुपमा. ती दिवसभर एका दवाखान्यात रिसेप्शनला बसते, आणि आवाज असा की केसपेपर काढतानाच पेशंट अर्धा बरा होत असेल. अल्बमचं नाव ‘अजून एक बसेल’. माझी नोकरी गेली त्या वर्षी मी इंटरव्ह्यू देत साकीनाक्याला भटकायचो ना, तेव्हा तिथला शेअर रिक्षावाला तिघं कोंबून झाल्यावरही मान बाहेर काढून हेच ओरडायचा. सगळीकडून नकार येत होते, आणि हा एकटा मला बोलावतोय असं वाटायचं. त्याच्यावरच पहिलं गाणं झालं. सगळी गाणी वाट लागलेल्या दिवसांचीच आहेत, पण ऐकून तुला रडू येणार नाही, पाय हलतील.

रेकॉर्डिंगही साकीनाक्यालाच केलं, एका गाळ्यात. शेजारी पत्र्याचे डबे बनतात, त्यामुळे आम्ही रविवारीच जायचो, मशीन बंद असताना. एका रविवारी त्यांचं अर्जंट काम निघालं आणि भिंतीपलीकडून धाड-धाड सुरू झालं. मी वैतागून घरी निघालो होतो, पण अनुपमाने त्या ठोक्यावरच गायला सुरुवात केली. तिसऱ्या गाण्यात तो ठोका आम्ही तसाच ठेवलाय.

आता जे सांगायचंय ते सांगतो. पप्पांचं नाव काढलं की तू विषय बदलतेस, आईने मला सांगितलंय. तरी वाच. तू बंगलोरला गेलीस त्याच्या पुढच्या वर्षी, आई तुला फोनवर म्हणाली होती बघ, पप्पांना सर्दी झालीय. ती सर्दी नव्हती. सकाळी चूळ भरताना पाणी ओठाच्या कडेने गळायला लागलं आणि आरशात बघतात तर अर्धा चेहरा खाली आलेला. लकवा फक्त चेहऱ्यापुरता होता, बाकी काही नाही. पण ट्रम्पेट वाजवणाऱ्या माणसाचा ओठच गेला, ताई. चाळीस वर्षं लग्नांत आणि जयंतीच्या मिरवणुकीत बँडच्या पुढे चालणारे धोंडिराम गायकवाड घरी बसले. तुला कळवायचं नाही, अशी त्यांनीच आईला शपथ घातली.

फिजिओथेरपीवाल्या बाईंनी फुगे फुगवायला सांगितले. पहिला महिनाभर एकही फुगला नाही. नंतर फुगायला लागले, ते इतके की आई फुगे बाजूला सारत स्वयंपाक करायची आणि शेजारची शकुमावशी वाढदिवस कुणाचा म्हणून विचारायला आली. सहा महिन्यांनी त्यांनी माळ्यावरून ट्रम्पेट काढलं, पण आमच्यासमोर वाजवायची लाज वाटायची. मोरीत दार लावून, समोर टॉवेल धरून फुंकायचे. अर्धा सूर, अर्धी हवा.

एकदा अनुपमा रिहर्सलला घरी आली होती. चौथ्या गाण्यासाठी आम्ही एका चांगल्या वादकाकडून ट्रम्पेट वाजवून घेतलं होतं. तो एकदम चोख वाजवून गेला होता, आणि गाणं मेल्यासारखं वाटत होतं. इतक्यात मोरीतून पप्पांच्या ट्रम्पेटचा आवाज आला. ती उठली आणि दाराबाहेर उभी राहून म्हणाली, “काका, हा सूर मला द्या ना.”

पप्पांना वाटलं पोरगी चेष्टा करतेय. दोन दिवस ते तिच्यावर नाराज होते. मग मला बोलावून विचारलं, हे जॅझ म्हणजे नक्की काय. मी जमेल तसं समजावलं. ते म्हणाले, वरातीत घोडा अडून बसला की आम्ही एकच चाल फिरवून फिरवून वाजवतो, तो हलेपर्यंत, तसंच का. मी म्हटलं, अगदी तसंच. रविवारी ते बँडचा लाल कोट इस्त्री करून गाळ्यात हजर. चौथ्या गाण्यात जो श्वासासारखा, थोडा वाकडा सूर तुला ऐकू येईल, तो त्यांचा. लोक तेच गाणं पुन्हा पुन्हा ऐकतायत.

परवा शनिवारी घाटकोपरला पहिला कार्यक्रम झाला. दीडशे खुर्च्या भरल्या, काही लोक मागे उभे होते. चौथ्या गाण्यात पप्पांचा ओठ दगा देऊन गेला. नुसती हवा. पण ते थांबले, रुमालाने तोंड पुसलं, मला खूण केली आणि पुन्हा पहिल्यापासून घेतलं. आम्हीही त्यांच्यासाठी तीच चाल फिरवत राहिलो. या वेळी सूर लागला. आई पहिल्या रांगेत बसून रडत होती, म्हणजे हसतही होती.

ते गाणं तुझ्यावर आहे, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. नितेशचं घर सोडून तू बॅग घेऊन आलीस, आणि तिसऱ्या दिवशी पप्पा म्हणाले, लोक काय म्हणतील, परत जा. मी तिथेच जेवत होतो आणि एक शब्द बोललो नाही. तू सासरी न जाता बंगलोर गाठलंस, आणि मी गप्प बसल्याची लाज मला अजून वाटते. ते सगळं मी त्या चालीत घातलं. कार्यक्रमानंतर रिक्षात पप्पा अचानक म्हणाले, “ते दीप्तीचं गाणं आहे ना? त्या दिवशी मला असंच थांबून परत पहिल्यापासून घ्यायला पाहिजे होतं.” आज सकाळी त्यांनी मला लिहायला बसवलं. फोन केला तर तू ठेवून देशील आणि तुझा तो हक्क आहे, म्हणून पत्र, असं त्यांचं म्हणणं. आठ मार्चला बंगलोरला आमचा कार्यक्रम आहे, तिथल्या मराठी मंडळींनी ठेवलाय. पप्पा येतायत. चूक माझी होती, हे त्यांना तुझ्यासमोर उभं राहून म्हणायचंय. तू हो म्हणालीस तरच ते तुझ्या दारात येतील. नाही म्हणालीस तर रागावणार नाहीत. हे त्यांनी दोनदा लिहायला सांगितलंय, म्हणून पुन्हा लिहितो: रागावणार नाहीत.

उत्तराची वाट बघणारा, तुझाच
सम्यक