आवाज न करणारी जमीन

लातूर, ता. ३ मे २०२५

ती. चंद्रप्रभाअक्कास, विरूपाक्षाचा शि. सा. न. वि. वि.

अठ्ठावीस टेबलं, त्यांच्यामधल्या प्लायच्या आडभिंती, सगळी वायरिंग आणि जमिनीवरचं व्हिनाइल, एवढं या अभ्यासिकेत माझ्या हातचं आहे. कुठल्या कोर्सला गेलो नाही, पण एक खिळा वाकडा दाखव. व्हिनाइलला मात्र अकरा वर्षं झाली. खुर्च्यांखाली पांढरं पडलंय, दाराजवळ तीन ठिकाणी फाटलंय. समोर गुरुबसप्पांनी चकचकीत टाइल्सची अभ्यासिका काढली, माझ्याकडं वाचायला येणाऱ्या नऊ मुली तिकडं गेल्या. जूनमध्ये नव्या मुली जागा बघायला येतात. तेव्हाही खोली अशीच दिसली तर मला कुलूप लावावं लागेल.

तुझा अंबरीश म्हणाला, मामा, टाइल्स टाका, पैसे मी देतो. लेक गुणी आहे तुझा. पण टाइलवर खुर्ची सरकली की किंचाळते, व्हिनाइलवर कळतही नाही. मुली वाचायला येतात, चकाकी बघायला न्हाई. मी आहे तेच नीट करतोय. फोनवर तू मध्येच तोडतेस, म्हणून हा कागद.

दाजींना नमस्कार. लोभ आहे तसाच राहू द्यावा.

तुझा विरूपाक्ष


नांदेड, ता. ११ मे

चि. विरूपाक्षास अक्काचे अ. उ. आ.

आप्पांचा रेडिओ खोलून बसला होतास, तेव्हापासून तुझं हे असंच. अंबरीश म्हणतो, सगळं जग एकीकडं आणि मामाची फूटपट्टी एकीकडं. पैसे नको तर नको घेऊस, पण माझं एवढं ऐक. आपली शहाबादी फरशी चाळीस वर्षांची, अजून तोंड दिसतं तिच्यात. महिन्याला खोबरेल तेलाचा हात फिरवते मी. तूही फिरव. आणि वेळेवर जेवत जा.

तुझी काळजी वाहणारी,
अक्का


लातूर, ता. २२ मे

ती. अक्कास शि. सा. न.

तुझ्या शब्दाबाहेर कधी गेलो नाही, म्हणून तेल लावलं. शहाबादी तेल पिते, व्हिनाइल पीत नाही, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. चूक माझी. अर्ध्या तासात वाचायला येणारी कंधारची कशिश घसरून बसली. लागलं नाही, पण उठताना तिनं विचारलं, काका, भजी तळायची होती का. पोरी दोन दिवस हसत होत्या.

मग कोमट पाण्यात भांड्याचा साबण घालून तीनदा पुसलं. फिनाइल नाही, ॲसिड तर नाहीच. कपाटाखालचं व्हिनाइल कोरं राहिलं होतं. त्याचा तुकडा फाटक्यावर ठेवला, नक्षी जुळवली, पट्टी धरून दोन्ही थर एकदमच कापले, म्हणजे तुकडा खाली केसभरही फट न ठेवता बसतो, आणि गोंदानं चिकटवला. वरून पॉलिशचे दोन पातळ हात. खुर्च्यांच्या पायांना जुन्या सतरंजीच्या टोप्या. सगळं मिळून सहाशे चाळीस रुपये. अंबरीशला म्हणावं, येऊन जोड शोध.

आशीर्वाद असू द्यावा, तेल नको.

विरूपाक्ष


नांदेड, ता. १ जून

चि. विरूपाक्षास अ. उ. आ.

तेलाचं मनावर घेऊ नकोस. कशिशला माझ्यातर्फे पेढे दे. अंबरीशनं पत्र दोनदा वाचलं, पण समोरचे लोक तुला टिकू देणार नाहीत, असं अजून म्हणतो. मलाही झोप लागत नाही. काय होतंय ते लगेच कळव.

अक्का


लातूर, ता. १९ जून

ती. अक्कास शि. सा. न.

आता झोप. अठ्ठावीसही जागा भरल्या. नऊपैकी सात मुली परत आल्या. तिकडं कुणी पाणी प्यायला उठलं तरी सगळ्यांचं वाचन मोडतं, असं त्याच सांगतात. काल स्वतः गुरुबसप्पा आले. बूट बाहेर काढून गुडघ्यावर बसले, दाराजवळ बोटानं जोड शोधत राहिले. सापडला नाही. मी दाखवला नाही.

सगळ्यांना यथायोग्य. लोभ वाढवावा.

तुझा विरूपाक्ष

ता. क. अंबरीशला हेही वाचून दाखव. जाताना गुरुबसप्पा म्हणाले, ही अभ्यासिका आहे तशी मला विका आणि माझ्या काउंटरवर पगारी बसा. मी नाही म्हटलं. रोख देत होते, दोन लाख दहा हजार.