शेवटचं मोहरं

रवि. ११ जाने.
धुळ्याची टीम आली होती. मॅच २–२. बाकी तिघांनी मिळून दीड आणला होता. मी जिंकलो असतो तर अडीच, मॅच आपली. सत्तावीस वर्षं क्लबात पट मांडतोय आणि उचलतोय. यंदा पहिल्यांदा चौथ्या पटावर घेतलं, आणि मी हा असा उजेड पाडला.
समोर बोरसे. माझ्याकडे हत्ती, त्याच्याकडे एक प्यादं. आणि बरोबरी! सगळे भोवती उभे. 
किरण, आमची कॅप्टन, माझ्या मुलीच्या वयाची. निघताना म्हणाली, काका, डाव घरी नीट तपासा, काय झालं ते शनिवारपर्यंत सांगा. पुढच्या रविवारी धुळ्याला परतीची मॅच. माझ्या जागी यायला महाजन टपलेलाच आहे.
एरंडोलहून वडिलांचा, आबांचा फोन. उचलला नाही.

सोम. १२
दुकानात तीन मोटारी रिवाइंडिंगला पडून. एकीला हात लावला नाही. काउंटरवर छोटा पट.
सुरुवात ठीक. वजिरासमोरचं प्यादं दोन घरं. आबांच्या कापडी पटावर प्यादं एकच घर चालायचं. माझी साठी आली, तरी दोन घरं टाकताना अजून चोरी केल्यासारखं वाटतं.
कॅसलिंग १३ व्या खेळीला. उशीर. आबांकडे तेही नव्हतं. पण त्याने काही बिघडलं नाही. १ ते २० मधे चूक नाही.
मग कुठे?

मंगळ. १३
२६ वी: बोरसेचा घोडा कडेला कोंडला. २९ ला मारला. झकास! खरंच मी खेळलो हे? बायकोला, ललिताला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, वांगी करपतायत, तुमचा घोडा नंतर बघते.
पुढे मोहरी कटवत गेलो. ५० पर्यंत सगळं बरोबर. मोबाइलवर टाकून पाहिलं, तोही म्हणतो डाव जिंकलेला.
५१. त्याचं प्यादं बी-३ वर, राजा त्याच्यापासून दोन घरं लांब. माझा हत्ती बी-८ वर. मधे कुणी नाही. हत्ती सरळ खाली आणला की प्यादं गारद, मग एकट्या राजाला मात. झोपेत जमेल.
मी हत्ती डी-८ ला नेऊन शह दिला.
का?
त्याचा राजा प्याद्याशेजारी गेला. प्यादं तळाला पोचलं, वजीर झालं. तो वजीर मारायला हत्ती द्यावा लागला. पटावर दोन राजे, बस.
भरीत खाताना ललिताला पट दाखवला. तिला खेळातलं ओ की ठो कळत नाही. तिने हत्तीवर बोट ठेवून विचारलं, "हे त्याला मारत का नाही?"
घाई नव्हती, घड्याळात अकरा मिनिटं होती. प्यादं दिसत होतं. चांगलं आठवतंय, दिसत होतं.

बुध. १४, संक्रांत
एरंडोल. आबांना तिळगूळ. अठ्ठ्याऐंशी झाले. पायांनी दगा दिलाय, आवाज तसाच. टेकतो न टेकतो तोच, जितना का? बरोबरी झाली म्हटलं.
तिळगूळ खाली ठेवला. मग, "शेवटलं मोहरं मारं का तू?"
काय सांगणार? मारलं होतं की. वजीर होऊन आलेलं, हत्ती देऊन. हो म्हणालो.
"तेच! तुले कितला सावा सांगं, शेवटलं मोहरं मारानं नही! बुर्जी व्हई जास."
त्यांच्या खेळात समोरच्याचा राजा एकटा उरला की बुर्जी. डाव बरोबरीत. म्हणून जिंकणाऱ्याने शेवटचं मोहरं जिवंत ठेवायचं आणि तसंच मात करायचं. सहा वर्षांचा असताना ओट्यावर हे शिकलो. एकदा शेवटचं प्यादं मारलं म्हणून आबांनी पट गुंडाळला आणि दोन दिवस खेळले नाहीत माझ्याशी.
५१ व्या खेळीला मी आबांचं ऐकलं. मला माहीतसुद्धा नव्हतं, पण ऐकलं. आणि आज न ऐकल्याबद्दल बोलणी खाल्ली.
क्लबातला नियम वेगळा, हे समजवायला गेलो. म्हणाले, नियम आम्हाले नको शिकाडू. भाऊ, माझा थोरला, खुणेने म्हणाला, जाऊ दे. राग आला, हसूही आलं. पोळी खाऊन निघालो.

शुक्र. १६
तीच मांडणी पटावर. बी-८ वरून बी-३. मारलं. परत. परत. वीसेक वेळा. हात उचलतो, जातो, मारतो. घरी मारतो हो! घरी काय.

शनि. १७
किरणला फोन. खरं सांगायचं ठरवलं होतं. पण काय सांगू, माझ्या हातात माझा बाप बसलाय? नजरचूक म्हणालो. ती म्हणाली, नजरचूक तर बोरसेचीही झाली होती, चालायचंच. मग, "पण काका, परत तसं आलं तर माराल ना?"
मारीन म्हणालो.
चौथा पट माझा. महाजनला तिने कळवलंय.

रवि. १८, बसमधे
एरंडोल स्टँडवर बस पाच मिनिटं थांबली. खिडकीशी भाऊची स्कूटर. मागे आबा! कानटोपी, शाल. एवढ्या थंडीत. भाऊ म्हणाला, ऐकेचनात, पहाटेपासून तयार बसले होते.
आबांनी खिडकीतून माझा हात धरला. उजवा. "ध्यान ठेव. शेवटलं मारानं नही."
कंडक्टरने घंटी दिली. आबा हात सोडेनात.
"नही मारत, आबा," मी म्हणालो.
किरण शेजारच्या सीटवर. आईकडून ती अमळनेरची, सगळी अहिराणी कळते तिला. पारोळा गेलं, अजून काही बोललेली नाही.