तबकडीतली रिकामी जागा

१२ नोव्हें. ८७, गुरुवार
संध्याकाळी दत्ताकडे. त्याचा मुलगा विजय बोटीवर परत जाताना गाणी वाजवायचं नवं यंत्र घरी ठेवून गेलाय, जपानी. सोबतच्या दोन तबकड्यांपैकी एक वाजतच नाही. आपल्या काळ्या रेकॉर्डसारखी नाही, चकचकीत चंदेरी, प्लास्टिकची. उन्हात धरली आणि हातात इंद्रधनुष्य! वर्गात पावसाची कविता शिकवताना मी ते फळ्यावर काढायचो, तांबडा खडू कायम संपलेला. म्हटलं, "दत्त्या, ही गरगर फिरवली तर?"
जन्म बोटीच्या इंजिनात गेलेला माणूस, त्याला एवढं पुरे. "सुनेच्या जुन्या मिक्सरची मोटर पडलीय. उद्या ये."

१३, शुक्रवार
थोडक्यात.
मागच्या पडवीत मोटर मांडली. नट आवळताना तबकडी बारीक 'टक' वाजली. दत्ता म्हणाला, काही नाही. एक नंबर. दोन नंबर. तबकडी सुसाट, रंग मात्र जागचे हलले नाहीत. वाऱ्यात समईची ज्योत स्थिर राहावी तसे. मी म्हटलं, "अजून." तीन नंबर. शिट्टी चढत गेली, चढत गेली, आणि धाडकन
तबकडी नाहीच. मोटर नुसतीच फिरतेय. दत्ता उजवा डोळा दाबून खाली बसलेला.
'अजून' मी म्हटलं होतं.

१४, शनिवार
दवाखाना. डोळ्याला बारीक भोक, आत रक्त साकळलंय, मागचं काही दिसत नाही. एक्स-रेत प्लास्टिक उमटत नाही म्हणे. तुकडा आत असेल तर काढायलाच हवा. नसेल तर उगाच आत शिरण्यात डोळाच जायचा. सोमवारी मिरजेचे मोठे डॉक्टर ठरवतील. पण ठरवणार कशावरून?
दत्ता खाटेवरून म्हणाला, "मास्तर, तुकडे जुळव. जो कमी पडेल तो माझ्या डोळ्यात."
वर हसतोय मेला.

दुपारपासून पडवी शोधली. तुकडे कौलांत, वाशात, एक तर माडाच्या खोडात रुतलेला. पक्कडीने काढला. परातीत कणीक थापून त्यावर एकेक बसवतोय. विजयची बायको सुमन दारात उभी. "मास्तरकाका, पोळी करताय की पृथ्वीचा नकाशा?" मग स्वतःच खाली बसून शोधू लागली.

१५, रविवार
सगळ्या चिरा मधल्या भोकातून निघून कडेला गेलेल्या. भाकरीचे चतकोर करावेत तशा. दवाखान्यात जाऊन दत्ताला सांगितलं. पट्टी बांधलेला, तरी इंजिनवाला जागा झाला. "कडेला नाही फाटत रे. वेगात ताण सगळा भोकाशी. मी नट आवळला ना, तो 'टक'. तडा तिथेच गेला. पुढचं वेगाने केलं."
"आणि मी."
"तू गप."

मुलं कविता म्हणताना एक शब्द गळला तरी वृत्त लंगडायचं, माझा कान चटकन पकडायचा. तबकडीला वृत्त नाही. कुठे भुकटी झालीय नि कुठे खरंच जागा रिकामी, कळत नाही. चष्मा पुसून पुसून झिजला.
दुपारी अंगणात चकाकलं. धावलो. गुडघे फुटायचेच बाकी. माशाचा खवला! सुमनने काल तिथेच बांगडे साफ केलेले. असे किती उचलले. सगळ्यांत तेच रंग. देवाने एवढी चैन माशाच्या अंगावर कशाला करावी?

संध्याकाळी तबकडी पुरी. भोकाजवळ एक जागा सोडून. तांदळाच्या कणीएवढी.
दत्ताने विचारलं, "झाली?"
"एक जागा उरलीय." नखावर दाखवली. मग आठवलं, त्या बाजूचा डोळा झाकलेला. पलीकडे जाऊन पुन्हा दाखवली.
त्याने पट्टी चाचपली. म्हणाला, "उघडू दे डॉक्टरला. दुसरा डोळा आहे की."

१६, सोमवार
सकाळच्या एस.टी.ने दत्ता नि सुमन मिरजेला गेली. परात पंच्यात बांधून दिली, डॉक्टरांना दाखवायला. दत्ता म्हणे, "परात घेऊन काय भीक मागत जाऊ?" सुमनने मांडीवर घेतली. मला नेलं नाही. तुमचाच जीव सांभाळत बसावं लागेल, म्हणाली. खरं आहे.

घरी बसवेना. पुन्हा पडवीत. ज्या फळीवर मोटर ठेवलेली तिच्या फटीत काडी घालून उकरलं. धूळ, मुंगळा, आणि कणीएवढं काहीतरी. खवला असेल म्हणून फुंकर मारणार होतो. लोट्यावर टाकलं. टण् वाजलं. खवला वाजत नाही.
एका कडेला किंचित गोलाई आहे. भोकाची? की मला ती हवीय म्हणून दिसतेय? लावून बघायला परात नाही, परात घाटात असेल. आणि तिथे पोचल्यावर ते डॉक्टर त्या रिकाम्या जागेकडे बघून सुरी घेतील.
समोरच्या दुकानातून ट्रंककॉल लावला. मिरजेच्या दवाखान्याची लाईन लागत नाही. लागली तरी सांगणार काय? सापडला बहुतेक? बहुतेक!
दुपारच्या गाडीने निघतोय. मी पोचेपर्यंत डॉक्टर थांबले तर बरं. तुकडा रुमालाच्या टोकाला बांधलाय. आत्तापर्यंत दोनदा गाठ सोडून पाहिली. आहे.