स्कूल माझं की मेहुण्याचं

३ जानेवारी
मेहुण्याला नोटीस धाडली. ड्रायव्हिंग स्कूल भागीदारीत आहे, पण डोकं माझं. तो नुसता शिकवतो. करारात स्पष्ट आहे: भांडण झालं तर कोर्टात जायचं नाही, लवाद नेमायचा, आणि तो देईल तो निवाडा मुकाट्याने मानायचा. उत्तम. महिन्याभरात स्कूल माझ्या एकट्याचं. वकील नको. कायदा म्हणजे शेवटी कॉमन सेन्स.

१९ जानेवारी
लवाद म्हणून माझ्या चुलतभावाचं नाव सुचवलं. अत्यंत निःपक्षपाती माणूस. मेहुण्याने हरकत घेतली. संशयी स्वभाव! शेवटी एक निवृत्त न्यायाधीश बाई दोघांना मान्य झाल्या. आपला दोघांशीही काही संबंध नाही, असं त्यांनी आधीच लिहून दिलं.

६ फेब्रुवारी
पहिली बैठक. आधी माझा दावा, मग त्याचं उत्तर, मग साक्षी, अशा तारखा ठरल्या. निघताना बाईंना गाडीने घरी सोडू का विचारलं. त्या म्हणाल्या, हे संपेपर्यंत एकाच पक्षाशी एकटीने बोलणंही बरं नव्हे. मेहुण्याने माझ्या ड्रायव्हिंगबद्दल कान भरलेले दिसतात.

२८ फेब्रुवारी
दाव्याची मुदत काल संपली. प्रस्तावनाच इतकी रंगली! बाईंनी आठवडा वाढवून दिला. प्रभाव पडतोय.

१४ मार्च
मेहुण्याचं उत्तर आलं. जेमतेम दीड पान. माझा दावा फाइलीत मावत नाही. हरला बिचारा.

२ एप्रिल
साक्षी. बायको माझी साक्षीदार. पढवलं नाही, नवरा-बायकोत कसलं पढवणं. बाईंनी विचारलं, स्कूल कोण चालवतं? ही म्हणाली, "भाऊ चालवतो. हे काउंटरवर बसून सूचना देतात."
म्हणजे सूचना माझ्याच, हे रेकॉर्डवर आलं.
मग माझी उलटतपासणी. त्याच्या वकिलाने विचारलं, मागच्या वर्षी तुम्ही स्वतः किती जणांना शिकवलं? मी विचारलं, "प्रत्यक्ष की तत्त्वतः?" त्याने ते लिहून घेतलं आणि तो खाली बसला. निरुत्तर केला.
जेवताना बायको म्हणाली, तुम्ही हरलात तरी तो तुम्हाला परका मानणार नाही. मी म्हटलं, मोठं मन दाखवायची पाळी माझ्यावर येणार आहे.

२० मे
निवाडा आला. स्कूल, नाव, गाड्या, सगळं त्याचं. मला माझ्या हिश्श्याचे पैसे मिळतील. कारणं सविस्तर दिलीत. वाचवली नाहीत.

२२ मे
वकील गाठला. म्हटलं, कोर्टात आव्हान देऊ. तो म्हणाला, पटला नाही एवढ्यावरून कोर्ट निवाडा रद्द करत नाही. तुमचं म्हणणं ऐकून घेतलं नाही, असं काही झालं का? मी म्हटलं, छे, मी पोटभर बोललो.
"तीच तर पंचाईत आहे," तो म्हणाला.

४ जून
स्वतःचं स्कूल काढणार. परवान्यासाठी गेलो, तर क्लार्क म्हणाला, तुमच्या लायसन्सची मुदत केव्हाच संपलीय, पुन्हा टेस्ट द्या. हरकत नाही. फॉर्मॅलिटी.

१० जून
टेस्ट. रिव्हर्समध्ये नापास. परीक्षक नवखा होता.

१२ जून, सकाळी
बायकोने परस्पर क्लास लावून टाकला. मेहुणा गाडी घेऊन दारात आला. निवाड्याचा विषयही काढला नाही. मी ऐटीत बसलो, किल्ली फिरवली. तो हळूच म्हणाला, "दाजी, आधी सीटबेल्ट."