देसाईच्या पडद्यावरचा हिरवा

९ एप्रिल
आज मालकांसमोर देसाई सर म्हणाले, "मुग्धाच्या हातून उडालं, साहेब." उडालं तेव्हा मी कँटीनमध्ये होते. कारखान्याचं रोजचं काम चालतं त्या चालू सर्व्हरवरच्या आंबा बागायतदारांच्या सगळ्या नोंदी सरांनीच पुसल्या, सरावाचं टेस्ट मशीन समजून. पडद्यावर दोन्हींच्या खिडक्या सारख्याच काळ्या, अक्षरं पांढरी. बॅकअप जुना. मालक मला एवढंच म्हणाले, "तुला कायम करायचं पुढच्या सीझनला बघू."
मी खरं सांगितलं नाही. का, ते माहीत नाही. यापुढे सर नाही. या वहीत नुसता दे.

११ एप्रिल
पावत्यांवरून सगळं परत टाइप करतेय. बोटं सुजलीत. आई: "जेव आधी गो. राग काय पळून जात नाय."
नाहीच जात.

१५ एप्रिल
माझ्या लॉगिनचे प्रॉम्प्ट रंगवले. म्हणजे आज्ञा टाइप करतो तिथे डावीकडे मशीनचं नाव येतं, ते. चालू सर्व्हर लाल, टेस्ट हिरवं, बॅकअप पिवळं. दोन ओळींचं काम. दे. खुर्ची मागे सारून हसला. "शिमगा होऊन महिना झाला गो. आता कसले रंग?"

२१ एप्रिल
मालकांनी माझा पडदा पाहिला. हे काय, म्हणाले. मी तोंड उघडायच्या आत दे. : "मीच बसवलं, साहेब. परत तसा घोळ नको. स्वतःच्या हाताने केलंय सगळीकडे."
मालक खूश.
जेवणानंतर दे. हळूच येऊन, "माझ्या लॉगिनला पण करून दे तेवढं."
करते सर, म्हटलं.
केलं. त्याच्या लॉगिनला उलटं. चालू सर्व्हर हिरवा, टेस्ट लाल. मशीनचं नाव मात्र खरं तेच ठेवलंय. वाचलं तर कळेल. दे. वाचत नाही.

२२ एप्रिल
चालू सर्व्हरची ताजी प्रत तासातासाला माझ्याकडे पडेल असं लावून ठेवलं. कारखाना बुडायला नको. त्याने बुडावं.

३० एप्रिल
अजून काही नाही. दे. लाल दिसलं की थांबतो, शहाण्यासारखी मान हलवतो, आणि ते असतं टेस्ट. काल टेस्ट समजून चालू सर्व्हरवर दोन खोटे बागायतदार घातले. मी गुपचूप काढले. एवढ्याशाने भागणार नाही.
त्याला चहा आणून देते. गोड बोलते. आई म्हणते, चेहऱ्यावर तजेला आलाय.

८ मे
झालं.
मालक त्याच्या मागे उभे. "टेस्टचं सगळं पुसतो साहेब, नवीन घालून दाखवतो." हिरवं बघितलं, एंटर मारलं. खालून वजनकाट्यावरची बाई ओरडत आली, पावती निघत नाही. गेटवर टेंपो खोळंबले. आंबा उन्हात.
मालक : "हिरवं म्हणजे टेस्ट ना?"
दे. ने आता नाव वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं. कळलं त्याला.
"रंग तूच लावलेस ना देसाई? स्वतःच्या हाताने?"
त्याने कीबोर्डवरचा हात काढला. मग, "हो, साहेब."
हे मी ठरवलं नव्हतं. खोटं त्याचंच, त्यातच अडकला.
मी माझी प्रत चढवली. काटा सुरू झाला. मालक म्हणाले, "वाचवलंस मुग्धा."
पावस गावचा एक म्हातारा बागायतदार क्रेटवर ओलं गोणपाट टाकत उभा होता. त्याच्याकडे बघवलं नाही.

९ मे
रात्री शांत झोप लागली. वाटलं होतं, लागणार नाही.

१२ मे
दे. जिन्यात थांबला होता.
"माझे रंग सरळ कर."
"तुम्हीच लावलेत ना, सर?"
"मला येत नाही ते, मुग्धा."
"मग साहेबांना तसं सांगा."
कठड्याला धरून खाली गेला. मला हसू यायला हवं होतं.

१५ मे
जूनपासून मी कायम. मालकांनी स्वतः बोलावून सांगितलं. दे. चं काय, मी विचारलं नाही.
संध्याकाळी तो माझ्या टेबलाशी आला. बसला नाही. "सोमवारी साहेबांना दोन्ही सांगणार आहे. एप्रिलचं माझं, आणि हे रंगांचं तुझं. माझं लॉगिन उघडून दाखवीन. काय व्हायचं ते होऊ दे."
एप्रिलचं सांगणार. महिनाभर मला तेवढंच तर हवं होतं.
घरी आईला सांगितलं नाही.

१६ मे
शनिवार, अर्धा दिवस. सगळे गेले. दे. चं लॉगिन, त्याने तेव्हा दिलेल्याच पासवर्डने, माझ्यासमोर उघडं आहे. दोन ओळी फिरवल्या की लाल जागेवर, हिरवा जागेवर. मग सोमवारी त्याच्याकडे दाखवायला काही नाही. एप्रिलचं त्याने कबूल केलेलं, आणि वर माझ्यावर आळ घेतलेला. परत उठणार नाही तो.
तसंच ठेवलं तर त्याचं खरं ठरेल, आणि माझं कायम होणं…
वॉचमन कुलूप घेऊन दारात उभा आहे. "मॅडम, झालं काय?"
पाच मिनिटं, म्हटलं.