जोडलेले हात

मंगळवार, १९६२

पंचायतीला उभा आहे म्हणून आज घरोघर फिरलो. अख्खी उमर पोलिसात गेली, जमादार होऊन निवृत्त झालो. याहून वेगळी लायकी काय हवी? पण दारोदार तेच. गाडीवरचा कापूस उतरवायचा सोडून माणसं हात जोडून उभी. "जमादारसाहेब, आमनं मत तुम्हलेच शे." एकानंही बसा म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही. नुसते जोडलेले हात.

कुठं पाहिलेत हे हात? चौकीत. आत आणलेला प्रत्येक जण असाच जोडायचा.

आता अंगावर खाकी नाही, आणि चिठ्ठी पेटीत गुपचूप पडणार. भीती हरायची नाही, त्यानंतरची आहे. हरल्यावरही याच गल्लीतून रोज जायचंय. तेव्हा कुणाचेच हात जोडलेले नसतील.