स्वदेशी मंच, वडवणी

१० ऑगस्ट
डोकं फिरलं. साजिदच्या फळांच्या गाड्यावर सफरचंद परदेशी, कीवी परदेशी. देश कुठं चाललाय, वडवणीत कुणाला पडलेली न्हाई. म्हणून आज 'स्वदेशी मंच' काढला. अध्यक्ष मी. सरचिटणीस शेजारचा रामहरी. बाकी मेंबर येतीलच.
ठराव: घरात परदेशी काही येणार न्हाई. बायको महानंदा म्हणाली, तळणाचं पामतेल बाहेरूनच येतं, मग भजी बंद करू का? तेलाचा विषय पुढच्या बैठकीत.

२४ ऑगस्ट
आठवडी बाजारात साजिदच्या गाड्यापुढं भाषण ठोकलं. घसा बसला. गर्दी लई. साजिद खाली मान घालून फळं पुसत होता.
भाषण संपताच रामहरीनंच कीवी घेतली. पोरीला डेंगू झालाय, कीवीनं पेशी वाढतात म्हणे. पदावरून काढला.
घरी महानंदानं विचारलं, चौकातला एसी दुकानवालाबी तीच सफरचंदं विकतो, त्याच्यापुढं का न्हाई बोललात? तो आपल्यातला हाय. त्याला फोनवर समजावीन.

१८ सप्टेंबर
फोन राहिलाच. बिझी होतो. आमच्या डोंगरातली सीताफळं लगडलीत. हा माल दुबईतच गेला पाहिजे. जगाला कळू दे बीड काय हाय ते.
महानंदा म्हणाली, तिकडच्यांनीबी मंच काढला तर? मी सांगितलं, आपला माल बाहेर जाणं हा स्वाभिमान, त्यांचा आत येणं ही गुलामी. इतकं सोपं हाय. ती भाकरी थापत राहिली.

२२ सप्टेंबर
दुबईच्या फळबाजारात ओळखीचा माणूस एकच निघाला. अबरार. साजिदचा सख्खा भाऊ. नशीबच फालतू.
गाड्यावर गेलो. तत्त्वाचा माणूस असल्यामुळं सॉरी म्हणालो न्हाई. साजिदनं चहा सांगितला, नंबर दिला. मग हळूच म्हणाला, "अप्पा, त्या दिवसापास्नं गिऱ्हाईक गाड्यावर थांबायला भितंय. घरी पोरं इचारतात, आपण परदेशी हाय का?"
चहा गोड होता. मी पावसापाण्याचं विचारलं.

१३ ऑक्टोबर
अबरारचा फोन. दुबईला धाडलेली सीताफळं वाटेतच पिकून फुटली, तिथल्या व्यापाऱ्यानं पेट्या नाकारल्या. कच्ची तोडा म्हणून त्यानं आधीच बजावलं होतं म्हणे. मला कुणी शिकवायचं काम न्हाई. हा अपमान फळाचा न्हाई, देशाचा हाय. आजपासून दुबईवर बहिष्कार. निषेधाचं भाषण पाठ केलं. ऐकायला कुणी न्हाई. घरातला उरलेला मालबी मऊ पडतोय.

१६ ऑक्टोबर
मला न विचारता महानंदानं साजिदला फोन केला. तो टेम्पो घेऊन आला, सगळ्या पाट्या बाजारात नेल्या. मला गाड्यामागं स्टुलावर बसवलं.
पहिलं गिऱ्हाईक बायनाबाई भाजीवाली. फळ दाबून बघितलं आणि खाली ठेवलं. "हे तर आमच्या बांधालाबी पडलंय. बाहेरचं काय हाय?"
तिडीक गेली डोक्यात. एवढी भाषणं केली ती कुणासाठी? ताडकन उठलो. आज हिला ऐकवणारच होतो. तोंड उघडलं, तर बाहेर पडलं, "दुबईला जातो हा माल, बाई."
साजिदनं माझ्याकडं बघितलं. मग तराजू उचलला.
तिनं दोन किलो घेतली.